एम-३७ ची बॉडी रॅमच्या चासीवर: ग्राइंडर हातात घेण्याआधी

आधी बॉडी पारखून घ्या. डॉजचा एम-३७ हा पाऊण टनी लष्करी ट्रक १९५१ ते १९६८ या काळात बनला, आणि मूळ चासी-इंजिनासह धड असलेला नग कापणे हा गुन्हाच आहे. या कामाला तोच घ्या ज्याची चासी सडली आहे किंवा इंजिन, गिअरबॉक्स कधीच गायब झाले आहेत. मूळ गाडी ताशी ५५ मैलांच्या पुढे फारशी जात नाही, म्हणून हायवेवर चालवू इच्छिणारे तिची बॉडी १९९४ ते २००२ मधल्या फोर-व्हील-ड्राइव्ह रॅम २५०० या डॉजच्याच पिकअप ट्रकच्या चासीवर चढवतात.

त्याच्याही आधी कागद. अमेरिकेत गाडीची ओळख चासीवरून धरायची की बॉडीवरून, याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. आपल्या राज्याच्या वाहन नोंदणी कार्यालयात विचारल्याशिवाय एकही नट सैल करू नका. भारतात तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, त्यामुळे हे काम इथे करायचा विचार सोडलेला बरा.

आता मापे, कारण सगळा खेळ इथेच जिंकला किंवा हरला जातो. एम-३७ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यांमधले अंतर, ११२ इंच, रॅम २५०० रेग्युलर केबिनचा १३४.७ इंच, म्हणजे २२.७ इंच कमी करायचे. मागचा अॅक्सल स्प्रिंगच्या पाट्यांसकट पुढे सरकवून भागेल असे वाटते, पण रॅमची चासी अॅक्सलवर कमानीसारखी उचललेली असते आणि ती कमान जागची हलत नाही. म्हणून केबिनच्या मागे, पाट्यांच्या पुढच्या ब्रॅकेटच्या अलीकडे जो सरळ भाग आहे, तिथूनच तुकडा काढावा लागतो. रुंदीचाही हिशोब मांडा: एम-३७ ची एकूण रुंदी साडेत्र्याहत्तर इंच, रॅमच्या डाव्या-उजव्या टायरांच्या मध्यांमधले अंतर ६८ इंचांच्या आसपास. दहा इंची टायर लावला की दोन्ही बाजूंनी सव्वादोन इंच बाहेर डोकावतो. उपाय दोनच, जास्त आत बसणारी चाके किंवा रुंदावलेले मडगार्ड. कोणता, हे आत्ताच ठरवा.

एम-३७ ची केबिन उचलण्याआधी दोन्ही दारांच्या चौकटींत एक इंची चौकोनी पाइप तिरका टाचून (वेल्डिंगचे छोटे टाके मारून) घ्या. या ट्रकला पत्र्याचे छप्परच नाही, कॅनव्हास आहे. आधार न देता उचललात तर चौकट पसरते आणि नंतर दार काही केल्या बसत नाही.

चासी कापताना ती सपाट जमिनीवर सहा स्टँडवर ठेवा. पुढच्या आणि मागच्या अॅक्सलचे मध्य ओळंब्याने जमिनीवर उतरवून खुणा करा, त्या खुणांमधल्या कर्णरेषांची मापे लिहून ठेवा. जोड उभ्या सरळ रेषेत देऊ नका, पायरीसारखा द्या. कडा तिरक्या घासून मिग वेल्डिंग करा आणि आतून निमुळत्या टोकांची पट्टी लावा. पट्टीची टोके चौकोनी ठेवली तर तडा नेमका तिथूनच जातो. वेल्डिंगआधी बॅटरी काढा, इंजिनाच्या कॉम्प्युटरचे प्लगही सोडवा. पूर्ण वेल्ड करण्याआधी, नुसते टाके मारून कर्ण पुन्हा मोजा. तीन मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर टाके तोडून पुन्हा जुळवा.

केबिन आधी नुसती टाचून बसवा. रॅमचे इंजिन बरेच मागे सरकलेले असते, त्यामुळे एम-३७ ची फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधली पत्र्याची भिंत, कापावी लागते. बॉनेटही अरुंद आहे, म्हणून रॅमचा रेडिएटर जाळीमागे मावत नाही. उंच आणि जाड गाभ्याचा वेगळा घ्या. सस्पेन्शन पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून टायर कुठे घासतो ते पाहा, मगच ब्रॅकेट पक्के करा. केबिन रबरी बुशांवर बसवा. मागच्या माल ठेवायच्या हौद्याला चासीच्या पिळाप्रमाणे थोडे हलू द्या, घट्ट आवळला तर पत्रा फाटतो.

ब्रेकची तयारी वेगळीच. एम-३७ ची पेडले जमिनीतून येतात आणि मास्टर सिलिंडर खाली असतो. पेडले वर टांगायची असतील तर फायरवॉलला तीन मिलिमीटरची प्लेट जोडा, नाहीतर ब्रेक दाबताना पत्राच वाकेल. पेडलचा जोर वाढवणारा मोठा व्हॅक्यूम बूस्टर मावत नसेल तर पॉवर स्टिअरिंगच्या पंपावर चालणारा हायड्रोबूस्ट लावा. ब्रेकचे पाइप नवेच टाका, डबल फ्लेअर करून (टोक दुहेरी दुमडून पसरवून). मध्येच कॉम्प्रेशन जोड नको. स्टिअरिंग शाफ्टच्या एकाच जॉइंटवर ३५ अंशांहून जास्त वाक येत असेल तर दोन जॉइंट आणि मध्ये आधाराची बेअरिंग द्या.

चासी आखडली की डिझेलची मूळ लांब टाकी बसत नाही, प्रॉपेलर शाफ्टही नवा करावा लागतो. तो गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना मोजून द्या. एबीएसच्या तारा कापायच्या असतील तर सोल्डर करून उष्णतेने आकसणारी नळी चढवा.

एम-३७ ची वीज २४ व्होल्टची, रॅमची १२. बल्ब, हेडलाइट, हॉर्न, मीटर आणि त्यांना माप कळवणारे सेंडर सगळे बदलायचे. जुने मीटर शोभेला ठेवलेत तर आत १२ व्होल्टचे यंत्र बसवून घ्या. अर्थिंगच्या पट्ट्या तीन हव्यात: इंजिन ते चासी, चासी ते केबिन, बॅटरी ते इंजिन. प्रत्येक पट्टीखालचा रंग उघड्या लोखंडापर्यंत खरवडा.