'बेटर' क्रियापदाच्या आधी टाकायचा की नंतर?

एकदा मी सीनिअरला मेल टाकला, 'यू बेटर नो धिस क्लायंट'. म्हणायचं होतं की हा क्लायंट तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त चांगला माहितीये, म्हणजे खरंतर मस्का मारत होतो, आणि समोरून फोन आला, "काय रे, मला दम देतोयस?" झालं असं की 'यू'नंतर लगेच, क्रियापदाच्या आधी असा उघडा 'बेटर' दिसला की वाचणाऱ्याला तो 'हॅड बेटर'मधला वाटतो, आपल्या 'गेलेलं बरं', 'केलेलं बरं'सारखा. त्यामुळे माझ्या वाक्याचा अर्थ झाला, क्लायंटची नीट माहिती ठेवलेली बरी, नाहीतर बघा! लिहायला हवं होतं 'यू नो धिस क्लायंट बेटर दॅन आय डू', बस.

ही चूक आपल्याकडून होणारच, कारण मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि बाकी सगळं त्याच्या आधी. 'ती जास्त चांगलं गाते' डोक्यात ठेवून बोललो की 'शी बेटर सिंग्ज' तोंडातून निघतं. इंग्लिशमध्ये 'शी सिंग्ज बेटर', आणि कर्म असेल तर त्याच्याही नंतर, 'ही ड्राइव्ह्ज द कार फास्टर'. फास्टर, हार्डर, अर्लिअर ही मंडळी साध्या क्रियापदाच्या मागेच बसतात, तिथे डोकं लावू नका. 'बेटर' मात्र जरा लाडावलेला आहे, 'कॅन' किंवा 'टू'नंतर आला तर आधी चालतो, जसं 'टू बेटर अंडरस्टँड द प्रॉब्लेम'. 'टू' आणि क्रियापदाच्या मध्ये काही घुसवलं की जुन्या वळणाच्या लोकांच्या कपाळावर आठ्या येतात पण वापर सर्रास आहे. 'वी कॅन मोअर ईझिली कम्पेअर देम' पण चालतं.

आता पार्टिसिपल, म्हणजे पेड, ट्रेन्ड, नोन, ग्रोइंग वगैरे. इथे उलटं, तुलनेचा शब्द बहुतेक वेळा आधीच येतो. 'दे आर बेटर पेड नाऊ'. सहायक क्रियापदांची रांग असेल तर ती आधी संपू द्या आणि पार्टिसिपलला चिकटून 'बेटर' टाका, 'धिस कुड हॅव बीन बेटर हँडल्ड'. 'कुड हॅव बेटर बीन' नाही हं. बोलताना लोक 'हँडल्ड बेटर' असं शेवटीही टाकतात, तेही बरोबरच.

बेटर की मोअर, यात अडकलात तर तुलना काढून टाका आणि साधं रूप म्हणून बघा. 'वेल पेड' म्हणतो ना, मग 'बेटर पेड'. 'फास्ट ग्रोइंग', मग 'फास्टर ग्रोइंग'. 'वाइडली रेड', मग 'मोअर वाइडली रेड'. आणि 'टायर्ड', 'इंटरेस्टेड' यांच्या साध्या रूपाआधी 'वेल'सारखं काहीच लागत नाही, ती विशेषणंच झालीत, तिथे सरळ 'मोअर टायर्ड'. 'एज्युकेटेड'ला दोन्ही चालतात, 'मोअर' म्हटलं की शिक्षण किती यावर भर आणि 'बेटर' म्हटलं की कसं यावर, निदान मला तरी तसं ऐकू येतं.

'मोअर बेटर' तर कृपा करून नको. 'अजून चांगलं' वरून येतं ते, मलाही कितीतरी दिवस सुटत नव्हतं. जोर द्यायचाच असेल तर 'मच बेटर' नाहीतर 'फार बेटर', आणि गंमत बघा, 'फार' मराठीतला समजून वाचला तरी अर्थ तोच निघतो.

लिहिताना हायफनचं एक बघा. नामाच्या आधी आलं तर जोडायचं, 'अ बेटर-नोन रायटर', पण 'द रायटर इज बेटर नोन' यात हायफन नको, आणि शेवटी 'ली' असलेल्या शब्दाला दोन्हीकडे नको.

एक प्रकार मला स्वतःला फार उशिरा कळला, 'सेल्स हॅव मोअर दॅन डबल्ड', म्हणजे विक्री दुपटीपेक्षा जास्त झाली. यात 'मोअर दॅन' अख्खाच्या अख्खा पार्टिसिपलच्या आधी बसतो आणि तिथून हलत नाही, 'हॅव डबल्ड मोअर' केलंत की वाक्य गेलं. 'ट्रिपल्ड'लाही हेच.