स्विमिंग पूलचा रोबो: घेण्याआधी, सोडण्याआधी, उघडण्याआधी (आणि दर वेळी केबल)

गेल्या सीझनला मी आमच्या पूल साफ करणाऱ्या रोबोची एक धडधाकट मोटर काढून टाकली, तिच्या जागी दुसरी नवीकोरी धडधाकट मोटर बसवली, रोबो पाण्यात सोडला आणि तो होता तिथंच गोल गोल फिरत बसला. दोष केबलमध्ये होता. सबंध सीझनमध्ये मी केबलचा पीळ एकदाही काढला नव्हता, एकदाही नाही, कारण ती पाण्यावर तरंगतेय आणि निळी छान दिसतेय एवढ्यावर मी खूश होते. म्हणून ही यादी. यात केबल सारखी सारखी येणारे, कंटाळा आला तरी वाचा, बाकीचं गाळलंत तर एक वेळ चालेल.

घेण्याआधी पूल मोजा हे सांगायला नको, पण नेमकं काय मोजायचं ते सांगते कारण गोची तिथंच होते. दुकानात विचारतात पूल किती लांब, आपण लांबी सांगतो, ते केबल सांगतात, झालं. अहो पण केबल सुरू होते पॉवर सप्लायच्या डब्यापासून (भिंतीतल्या विजेचं व्होल्टेज कमी करून रोबोला देतो तो) आणि तो डबा काठावर ठेवायचा नसतो. पूलच्या वायरिंगचं जे आंतरराष्ट्रीय स्टँडर्ड आहे, आयईसी ६०३६४ चा ७०२ नंबरचा भाग, त्यात काठापासून २ मीटरचा एक पट्टा आणि त्याला लागून १.५ मीटरचा दुसरा पट्टा धोक्याचा धरलाय, म्हणजे डबा काठापासून ३.५ मीटर दूर. आणि त्याच स्टँडर्डमध्ये प्रत्यक्ष पाण्यात चालणाऱ्या यंत्राला जास्तीत जास्त ३० व्होल्ट डीसी, म्हणून हे रोबो साधारण २४ ते ३० व्होल्टवर चालतात. हा आकडा डोक्यात ठेवा, मोटरच्या भानगडीत परत लागणारे.

आता हिशोब. पूल १२ बाय ५ मीटर, डबा लांब बाजूच्या मधोमध, तर सगळ्यात लांबचा कोपरा ७.८ मीटर, त्यात ३.५ मिळवा, पाण्याच्या खोलीचे म्हणून २ मिळवा, १३.३ होतात, १५ मीटरची केबल आरामात पुरते. तोच डबा जर कोपऱ्यात ठेवावा लागला कारण प्लग तिथंच आहे, तर समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकं अंतर १३ मीटर आणि एकूण १८.५, मग १८ मीटरवाली केबल शेवटच्या कोपऱ्यात अर्धा मीटर कमी पडते आणि रोबो तिला दर फेरीला हिसका देतो. तो हिसका कुठं बसतो? केबल रोबोच्या अंगात शिरते त्या एका जागी. तिथंच माझी तुटली. आणि नाही, एक्स्टेन्शन बोर्ड लावून डबा पाण्याजवळ सरकवायचा नाही. असू दे म्हणून दुप्पट लांब केबल घेणं हाही शहाणपणा नाही, जास्तीची केबल पाण्यात भेंडोळं करून बसते आणि पीळ दुप्पट.

दुसरं, स्विव्हल आहे का बघा. स्विव्हल म्हणजे केबलवरचा तो फिरता सांधा, रोबो गिरक्या घेतो तेव्हा केबलनं पिळून घेऊ नये म्हणून. आहे म्हणाले तर हातात धरून फिरवून बघा, सहज फिरला पाहिजे. जायरो (दिशा ओळखणारा सेन्सर) असेल तर उत्तम, कारण जायरोवाला रोबो सरळ रेषेत जातो आणि डावी-उजवी वळणं साधारण सारखी घेतो, बिनजायरोचे काही गडी एकाच बाजूला वळत राहतात आणि मग तासाभरात केबलचा सुतळीसारखा दोर. पण स्विव्हल आहे म्हणून निवांत व्हायचं नाही. माझ्या रोबोला स्विव्हल होता! आत चुन्यासारखा थर साचून तो जाम झाला होता आणि मी कधी फिरवून बघितला नव्हता.

बाकी निवड पटकन सांगते. ब्रश तळ बघून: गुळगुळीत टाइलवर स्पंजसारखा पीव्हीएचा ब्रश लागतो नाहीतर भिंतीवर घसरतो, काँक्रीटच्या खरबरीत तळावर तोच स्पंज झिजून जातो, तिथं रबर किंवा पीव्हीसीचा. फिल्टर वरून काढता येणारा घ्या, खालून उघडणाऱ्यात उचलताना अर्धा गाळ परत पाण्यात. बारीक आणि जाड दोन्ही जाळ्या मिळतात का विचारा, पाचोळ्याला जाड, धुळीला बारीक. पायऱ्या आणि उथळ कट्टा बहुतेक रोबो धड साफ करत नाहीत, जाहिरातीत काही का दाखवेनात. तळाची जाळी वर उचललेली असेल तर रोबो तिच्यावर चढून पोट टेकून बसतो, आधी हे बघा. सुटे भाग वेगळे मिळतात का, म्हणजे पट्टे, इम्पेलर (पाणी खेचणारा आतला पंखा), सील, आणि हो, केबल वेगळी मिळते का, हे पैसे द्यायच्या आधी विचारा, नंतर कुणी फोन उचलत नाही.

बिनकेबलचा घेऊ का म्हणाल तर मीही तोच विचार करून झालेय. पीळ नाही हे खरं, पण बॅटरी काही तासांत संपते, संपली की बरेचसे साहेब तळाशी जाऊन बसतात आणि आकड्यानं ओढून काढावं लागतं, चार्जिंगचं तोंड ओलं असताना चार्जर लावला की संपलं, आणि लिथियम बॅटरी काही वर्षांत दम टाकतेच. लहान पूलला ठीक. मोठ्याला मी अजून केबलवालाच घेईन, शिव्या देत का होईना.

पाण्यात सोडण्याआधी. प्लगच्या मागे ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे ना, त्याचं टेस्ट बटण दाबल्यावर तो बंद पडतो ना, ते बघा. डबा सावलीत. पूलमध्ये माणूस नाही, खेळणी नाहीत. क्लोरीनचा दणका (एकदम भरपूर क्लोरीन) दिला असेल तर रोबो त्याच दिवशी टाकू नका, मोकळं क्लोरीन ४ पीपीएमच्या खाली येऊ द्या, पीएच ७.२ ते ७.८ च्या मधे, नाहीतर रबर आणि सील लवकर कडक होतात. हिरवं शेवाळ झालं असेल तर रोबो हा उपाय नाही, आधी केमिकल आणि हातब्रश, मेलेलं शेवाळ इतकं बारीक असतं की जाळीतून आरपार जातं आणि रोबो नुसता धुरळा उडवत फिरतो.

आता केबल. सगळी केबल पाण्यात फेकू नका. लागेल तेवढीच पाण्यात सोडा, उरलेली काठावर सरळ आडवी, गुंडाळी करून नाही, सरळ. टाकताना बोटांनी चाचपत जा, कुठं पीळ किंवा गाठ लागली तर तिथंच थांबा आणि सोडवा. गाठीसकट टाकली आणि "चालू झाल्यावर सुटेल" म्हणालात तर ती सुटत नाही, आवळते. मी म्हणाले होते.

मग रोबो पाण्यात बुडवून हळूहळू आडवा-तिडवा करा, आतली हवा बुडबुड्यांनी निघून जाऊ द्या, तळाला टेकला की मग बटण. हवा राहिली तर तो तरंगतो आणि आपल्याला वाटतं बिघडला. पाण्याबाहेर कोरडा चालवून बघायचा मोह होतो, "फक्त पाच सेकंद", नको, शाफ्टच्या सीलला पाण्याचंच गारपण आणि वंगण असतं, कोरडं फिरलं की सील जळतं आणि मग मोटरमध्ये पाणी. याला माफी नाही.

काढताना बटण बंद, केबल हलक्या हातानं ओढून रोबो जवळ आणा, पण उचलायचा हँडलनं. केबलनं उचलायचा नाही. पोटात पाणी भरलेला रोबो किती जड होतो ते एकदा हँडलनं उचलून बघा म्हणजे केबलची दया येईल. काठावर पंधरा सेकंद धरा, पाणी गळू द्या, फिल्टर लगेच धुवा. उद्या धुते म्हणालात तर गाळ वाळून जाळीत सिमेंट होतो. रोबो दिवसरात्र पाण्यात ठेवायचा नाही, क्लोरीन आणि ऊन दोन्ही प्लॅस्टिक खातात.

आणि दर तीन-चार फेऱ्यांनंतर, लिहून ठेवा, कॅलेंडरला लावा, केबलचा पीळ काढा. डब्याकडचं टोक सोडवा, सगळी केबल मोकळ्या जागेत सरळ रेषेत अंथरा, रोबोकडून सुरुवात करून मोकळ्या टोकाकडे हातानं पीळ ढकलत न्या, टोक गिरक्या घेईल ते घेऊ द्या. मग उन्हात काही तास तशीच पसरून ठेवा, ऊन लागलं की वरचं आवरण मऊ पडतं आणि केबल पडलेली वळणं विसरते. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, केबलचा उन्हानं जातो, पण वेळेवर काढला तर. सहा महिने मुरलेला पीळ ऊन काय करणार. स्विव्हलही त्याच वेळी फिरवून बघा.

इम्पेलर महिन्यातून एकदा. प्लग काढा (भिंतीतून काढा, नुसतं बटण नाही), झाकणाचे स्क्रू, आत केस, दोरे, कधी राखीची फुलं सापडावीत तसा गुंता. चिमट्यानं ओढून काढा. ब्रश आणि पट्टे झिजलेत का तेही बघा. भिंत चढत नाही अशी तक्रार असेल तर रोबोवर संशय घेण्याआधी फिल्टर धुवा, कारण तो भिंतीला चिकटतो ते पाणी खेचण्याच्या जोरावर, जाळी तुंबली की जोर गेला. त्यानंतर झिजलेले ब्रश, त्यानंतर भिंतीवरचा बुळबुळीत थर.

आता दुरुस्ती, माझी फजिती. रोबो आधी एक कोपरा सोडायला लागला, मग गोल फिरायला लागला, मग दहा मिनिटांत थांबायला लागला. लक्षणं सगळी मोटरची. मी मल्टिमीटरनं केबलची कंटिन्यूटी (तार सलग आहे का ते) बघितली होती बरं का, बीप वाजला, म्हटलं केबल ठीक. मोटर मागवली, आली, बसवली, आणि पुढचं वर सांगितलंय. झालं होतं असं की पिळामुळे आतल्या तांब्याच्या बारीक तारा एकेक करून तुटत गेल्या होत्या, दोन-चार शिल्लक होत्या. बीप वाजायला दोन-चार तारा पुरतात. रोबो चालायला पुरत नाहीत. समजा १५० वॅटचा रोबो २४ व्होल्टवर आहे, म्हणजे तो ६ अँपिअरच्या वर ओढतो, आणि वाटेत कुठं फक्त १ ओहम जास्तीचा आला तर ६ व्होल्ट तिथंच खर्च, मोटरला उरले १८. मग ती बिचारी अशक्तासारखी वागणारच. घरच्या मिक्सरच्या वायरला तुटक्या तारा खपून जातात, तिथं व्होल्टेज मोठं आणि करंट छोटा, इथं उलटं आहे.

त्यामुळे क्रम असा ठेवा. आधी डबा: रोबो सोडवून नुसता डबा चालू करा, दिवा टिकतो आणि रोबो जोडला की विझतो तर दोष पुढे आहे. मग इम्पेलर हातानं फिरतो का, अडकला असेल तर डबा ओव्हरलोडनं बंद पडतो, बऱ्याच केसेस इथंच सुटतात. मग केबल, आणि केबल म्हणजे नुसता बीप नाही: प्रोब लावून ठेवून केबल इंचाइंचानं वाकवत जा, विशेषतः रोबोजवळचा पहिला एक-दोन फूट आणि स्विव्हलच्या दोन्ही बाजू, आकडा हलला की सापडली. प्रत्येक तारेचा रेझिस्टन्स मोजून एकमेकींशी ताडून बघा, एक वेगळी दिसली तर तीच. हे सगळं झाल्यावर मोटर. मोटर शेवटी. मी उलट्या क्रमानं गेले.

तुटलेली जागा टोकाला असेल तर तेवढा तुकडा कापून केबल आखूड करून परत बसवता येते, जाणत्याकडून, नवीन सील घालून. आवरणाला चीर गेली असेल तर तांबं आतवर काळं पडलेलं असतं कारण पाणी तारांमधून वर चढत जातं, स्वच्छ लाल तांबं लागेपर्यंत कापा. मधेच जोड देऊन वर इन्सुलेशन टेप मारून पाण्यात सोडू नका, कितीही घट्ट मारली तरी. मोटरचा डबा घरी उघडू नका, तो सीलबंदच बदलतात.

सीझन संपल्यावर: साध्या पाण्यानं धुवा, वाळवा, सावलीत, गोठणाऱ्या थंडीपासून लांब, पट्ट्यांवर वजन पडू देऊ नका. बिनकेबलवाल्यांनी बॅटरी अर्धी भरून. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस, व्हॅसलीन नको, काही रबरं त्यानं फुगतात. पीव्हीएचे ब्रश वाळून लाकूड होतात, पुढच्या वेळी आधी भिजवा. मॉडेल आणि सीरियल नंबरचा फोटो काढून ठेवा, स्टिकर पुसतं.

केबल पीळ काढून, मोठ्या सैल वेटोळ्यात, जमिनीवर आडवी. कोपर आणि अंगठ्याभोवती दोरीसारखी गुंडाळायची नाही, दर फेऱ्याला एक नवा पीळ पडतो. खिळ्याला टांगायचीही नाही, एकाच जागी वाकून राहते, आणि पुढच्या सीझनला तुटायची जागा तीच.