शीड वेळेत कमी कसं करायचं

मार्च-एप्रिलात मुंबई बंदरात दुपारी वायव्येचा वारा चढतो. मांडव्याला जाताना तो मागून येतो म्हणून कमी वाटतो. परतताना तोच तोंडावर. म्हणून परत वळण्याआधीच मी मेनला (मोठ्या मुख्य शिडाला) रीफ घेतो, म्हणजे खालचा भाग दुमडून ते लहान करतो. सोबतचे हसतात, हसू देत.

जिब (पुढचं छोटं शीड) वाऱ्याने भरलेलं ठेवून बोट वाऱ्याच्या जवळ न्या, अगदी समोरासमोर नको. बोट चालत राहिली तरच सुकाणू ऐकते. बूम म्हणजे मेनच्या खालचा आडवा दांडा; त्याचं मागचं टोक वर धरणारी दोरी, टॉपिंग लिफ्ट, ताणा, नाहीतर बूम डोक्यात बसेल. आता मेनशीट (मेन आत-बाहेर करणारी दोरी) सोडा, शीड फडफडू दे. हॅलयार्ड (शीड वर चढवणारी दोरी) सैल करून शिडाची पुढची कडी डोलकाठीजवळच्या हुकात अडकवा, हॅलयार्ड पुन्हा कचकचीत ताणा, आणि मगच मागची रीफची दोरी ओढा. हा क्रम उलटा केलात तर शिडावर भलतीकडे ताण येतो, कापड फाटूही शकतं.

मागचा कोपरा बूमला घट्ट भिडलाच पाहिजे. शीड पोत्यासारखं फुगलं तर रीफ घेऊनही बोट कलतेच. मधल्या बारक्या दोऱ्या फक्त लोंबतं कापड बांधायला. त्यांच्यावर जोर नको. शेवटी टॉपिंग लिफ्ट सैल, मेनशीट आत.