पिस्तूल हाताळताना या चुका टाळा, पहिली तर टाळाच

शूटिंग रेंजवर नवीन मुलांना शिकवतो. पहिल्या दिवशी सगळे विचारतात नेम कसा सुधारायचा, पिस्तूल रिकामं कसं करायचं हे कोणीच विचारत नाही. आणि गडबड होते ती नेमकी तिथेच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे आधी स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागे-पुढे सरकणारा भाग) ओढायची आणि मग मॅगझिन (मुठीत बसणारी गोळ्यांची डबी) काढायचं. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला झाडायला तयार बसलेली गोळी बाहेर उडते, पण स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधली वरची गोळी उचलून परत चेंबरमध्ये बसवते. मग तुम्ही मॅगझिन काढता, उडालेली गोळी समोर दिसत असते, वाटतं झालं रिकामं. आत एक गोळी तशीच.

एक मुलगा चार-पाच महिने येत होता, हात चांगला होता त्याचा. संध्याकाळी आम्ही दोघं साफसफाईला बसलो. त्याचं पिस्तूल खोलायच्या आधी ट्रिगर दाबावा लागतो त्यातलं, बऱ्याच स्ट्रायकरवाल्या (बाहेर घोडा नसतो, आतली स्प्रिंगची पिनच ठोका देते) पिस्तुलांत तसंच असतं. त्याने स्लाइड ओढली, गोळी टणकन टेबलावर पडली आणि घरंगळत ब्रशच्या डब्याला जाऊन अडली, मग त्याने मॅगझिन काढलं, "सर, रिकामं आहे" म्हणाला आणि दाबला ट्रिगर. बंद खोली, कानाला काही नाही. नळी वाळूच्या पेटीकडे ठेवूनच खोलायचं हा नियम तेवढा त्याने पाळला होता म्हणून आज हे लिहितोय. वाळू उडून दोघांच्या तोंडावर आली, कान दोन दिवस वाजत होते, त्याचे हात इतके थरथरत होते की पिस्तूल मीच काढून घेतलं. आणि ती गोळी घरंगळताना मी बघितली होती. तेव्हाच थांबवायला हवं होतं, नाही थांबवलं.

तेव्हापासून माझी सवय अशी. मॅगझिन आधी काढतो आणि खिशात टाकतो, टेबलावर ठेवतच नाही. मग स्लाइड तीनदा ओढतो, मागे लॉक करतो, चेंबरमध्ये डोळ्याने बघतो आणि करंगळी घालून चाचपतो. एक्स्ट्रॅक्टर (गोळी चेंबरमधून ओढून काढणारा आकडा) तुटला असेल तर दहा वेळा ओढूनही गोळी बाहेर येत नाही, बोटाला मात्र कळते. समोरच्याने आत्ताच तपासलंय म्हटलं तरी मी परत तपासतो, त्याला राग आला तर येऊ दे.

बोट ट्रिगरवर नको, फ्रेमवर सरळ ठेवा. दचकलात किंवा तोल गेला की मूठ आपोआप आवळली जाते. पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. आणि दुसऱ्या हाताचा अंगठा स्लाइडच्या मागे आडवा ठेवू नका, कातडं सोलून निघतं.

ट्रिगर दाबला आणि नुसताच 'टिक' आवाज आला की नवीन माणूस काय करतो, पिस्तूल फिरवून नळीत बघतो! अरे बाबा, बार उशिराही उडू शकतो. नळी टार्गेटकडेच धरून किमान ३० सेकंद थांबा आणि मग गोळी काढा. त्याहून धोक्याचं म्हणजे नेहमीच्या धडाक्याऐवजी फुस्स असा आवाज येणं. तेव्हा शिसं नळीतच अडकलेलं असू शकतं, आणि मागून पुढची गोळी झाडली तर नळी फुटते. लगेच थांबा, रिकामं करा, नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघा. घाईघाईत परत स्लाइड ओढून झाडणाऱ्यांना मी त्या दिवशी पुन्हा लाइनवर उभं करत नाही.

तेलाचं तर विचारूच नका. जास्त तेल म्हणजे जास्त काळजी असं लोकांना वाटतं. जास्तीच्या तेलात धूळ आणि जळालेली दारू चिकटून काळी पेस्ट होते, ती स्ट्रायकरच्या खाचेत साचली की पिनचा ठोका हलका पडतो आणि बार उडत नाही. स्लाइडच्या रुळांना एकेक थेंब, नळीच्या बाहेरून पुसट हात, बास. स्ट्रायकरची खाच कोरडीच ठेवा. ब्रश शक्यतो चेंबरकडून घाला आणि पूर्ण बाहेर काढा, मध्येच उलटा ओढू नका.

पॉइंट २२ रिमफायरमध्ये (यात पिन गोळीच्या बुडाच्या कडेवर ठोका देते) रिकामा ट्रिगर मारत बसू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होऊ शकतात. चामड्याच्या होल्स्टरमध्ये महिनोन्महिने ठेवू नका, ओल धरून गंज चढतो. कानाला मफ हवेतच, ९ एमएमचा आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. आणि शिशाचे हात आधी धुवा, मग तोंडाला लावा.

साफसफाईच्या खोलीत जिवंत गोळी नको. आमच्याकडे आता दाराबाहेर लोखंडी पेटी आहे, गोळ्या आणि भरलेली मॅगझिनं तिच्यात टाकून कुलूप लावायचं, पिस्तूल तिथेच रिकामं करून दाखवायचं आणि मगच आत. तो मुलगा अजून येतो. नवीन आलेल्यांची मॅगझिनं दाराशी उभं राहून तोच मोजून घेतो.