दाढ ठणकतेय? अँटिबायोटिक मागण्याआधी हे वाचा

कोपरखैरण्याला आमचं मेडिकल आहे. रात्री शटर ओढायच्या वेळेला कुणीतरी गाल धरून येतंच. "ताई, दाढ मरणाची ठणकतेय, पाचशेच्या चार गोळ्या द्या." पाचशे म्हणजे अमॉक्सिसिलिन, एक अँटिबायोटिक. मी देत नाही. चिठ्ठीशिवाय ती देता येत नाही हे झालंच, पण त्या गोळीने हा ठणका थांबतही नाही.

कीड दातातल्या नसेपर्यंत पोचली की नस सुजते. भोवती कडक दात, सुजेला जागा नाही, म्हणून ती कळ. नस मेली असेल तर तिथला रक्तपुरवठाच बंद. मग रक्तातून जाणारं औषध आत पोचणार कसं? रूट कॅनाल करायचं किंवा दात काढायचा. पू झाला असेल तर डॉक्टरांनी तो बाहेर काढायला हवा.

सकाळपर्यंत काय? कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा, अडकलेला घास हळूच काढा. मोठ्या माणसाने काहीतरी खाऊन आयबुप्रोफेन 400 आणि पॅरासिटामॉल 500 सोबत घ्यावी. बहुतेकांना उतार पडतो. गरज पडली तर पुन्हा आठ तासांनी. अल्सर, किडनीचा त्रास, दमा, गरोदरपण किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर आयबुप्रोफेन नको. पावसाळ्यात ताप असेल तरीही नको, डेंग्यू निघाला तर रक्तस्रावाची भीती. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, डोस दुप्पट होऊ नये म्हणून स्ट्रिप उलटून वाचा. मुलांचा डोस वजनावर ठरतो, विचारूनच द्या.

लवंगेच्या तेलाचा छोटा बोळा खड्ड्यावर चालेल, हिरडीला लागू देऊ नका. मिश्री, तंबाखू, अ‍ॅस्पिरिनची पूड मात्र दाढेत दाबू नका. अ‍ॅस्पिरिनने हिरडी भाजून पांढरी पडते, आणि दाढ ठणकत राहते ती वेगळीच.

गाल सुजत चाललाय, ताप आहे, जबड्याखाली गाठ आलीय, तेव्हा डॉक्टर अँटिबायोटिक देतात, पण दाताच्या उपचारासोबत. तोंड उघडेना, थुंकी गिळवेना, श्वासाला त्रास, डोळ्यापर्यंत सूज, असं काही असेल तर सकाळची वाट बघू नका. रात्रीच वाशीचं महापालिका रुग्णालय गाठा.

खर्चापायी थांबू नका. नेरूळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, खारघरला भारती विद्यापीठ, अशी दंत महाविद्यालयं आहेत. तिथे खासगी दवाखान्यापेक्षा बरंच कमी लागतं. चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. आणि ठणका आपोआप थांबला तरी जाच, कारण नस मेली की दुखणं थांबतं, जंतू मात्र मुळाखाली हाडापर्यंत पसरत राहतात.