सुटा रिसीव्हर घेण्याआधी प्रोटोकॉल जुळतो का ते पाहावे

रिमोटवर चालणाऱ्या मॉडेलचा (उदा. विमानाचा) हातातला ट्रान्समीटर आणि मॉडेलमधला रिसीव्हर या दोहोंवर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ छापलेले असूनही काही वेळा दोघांची जोडणी होत नाही, कारण वारंवारता एक असली तरी प्रत्येक कंपनीचा, किंबहुना एकाच कंपनीच्या जुन्या-नव्या संचांचाही, प्रोटोकॉल (संदेशांची ठरावीक भाषा) वेगळा असतो.

१. रिसीव्हरच्या लेबलवर प्रोटोकॉलचे नाव शोधावे. फ्लायस्कायच्या एफएस-आयए६बी या रिसीव्हरला ‘एएफएचडीएस २ए’ लागतो, तर जुन्या एफएस-आर६बीला साधा ‘एएफएचडीएस’.

२. तेच नाव ट्रान्समीटरच्या मेनूत आहे का, ते पाहावे. एफएस-आय६मध्ये रिसीव्हरच्या सेटिंगमधून ‘२ए’ बंद केले की जुना रिसीव्हरही चालतो. ही सोय ठाऊक नसल्याने चांगला रिसीव्हर उगाच खराब ठरवला जातो. फ्रस्कायच्या ‘डी१६’मध्ये मात्र नाव जुळूनही भागत नाही, कारण युरोपीय आणि आंतरराष्ट्रीय फर्मवेअर (उपकरणातले मूळ सॉफ्टवेअर) एकमेकांशी जुळत नाहीत.

३. त्यानंतरच बाइंड करावे (दोघांची जोडी जुळवावी) आणि फेलसेफमध्ये (संपर्क तुटल्यावर काय व्हावे ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) थ्रॉटल, म्हणजे मोटरचा वेग, शून्यावर ठेवावा.

निरनिराळ्या कंपन्यांचे रिसीव्हर हाताशी असतील, तर प्रत्येकासाठी वेगळा ट्रान्समीटर घेण्यापेक्षा मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल (अनेक प्रोटोकॉल चालवणारा भाग) असलेला एकच घेणे स्वस्त पडते. सर्व्होची (मॉडेलचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरची) चिंता सहसा नको. बहुतेकांचा तीन तारांचा प्लग कोणत्याही कंपनीच्या रिसीव्हरमध्ये बसतो, फक्त तो उलटा लागणार नाही हे पाहावे.

बाइंड करताना व फेलसेफ तपासताना मोटरवरचा पंखा (प्रोपेलर) काढून ठेवावा, कारण चुकीच्या सेटिंगवर मोटर अचानक पूर्ण वेगाने फिरू शकते.