नाइट ड्युटी करून गाणी कशी रचावीत

मी मिरजेत ब्रदर आहे, म्हणजे आयसीयूतला नर्स. महिन्याला दहा-बारा नाइट ड्युट्या आणि उरलेल्या वेळात गिटारवर मराठी गाणी. हे जमवतोस कसं, असं कुणी विचारलं की मी आधी जॉन डार्नियल या अमेरिकन गायक-गीतकाराचं नाव घेतो, कारण पद्धत त्याची आहे.

डार्नियल कॅलिफोर्नियात वाढला. नॉरवॉकच्या सरकारी मनोरुग्णालयात नर्सिंगचं काम करायचा, राहायचाही तिथल्याच आवारात. ड्युटी संपली की साधी गिटार आणि टेपरेकॉर्डर. १९९१ साली ‘द माउंटन गोट्स’ या नावाने त्याची पहिली कॅसेट निघाली. नाव बँडचं, पण बऱ्याचदा तो एकटाच.

पहिली गोष्ट, स्टुडिओत जाऊ नका. मी गेलो होतो. साडेसात हजार मोजले आणि गाणं हातात आलं तेव्हा आवाजाला इतकी इस्त्री मारलेली की आईने विचारलं, “हा कोण गातोय?” मग मी माळ्यावरून बाबांचा टू-इन-वन काढला. आतल्या पट्ट्याचं डांबर झालं होतं, तो रेडिओ दुरुस्तीवाल्याकडून बदलून घेतला. हेड साफ करायला कापूस गुंडाळलेली काडी आणि स्पिरिट, त्याची आमच्याकडे काय कमी! फक्त रबरी रोलरला स्पिरिट लावू नका, रबर कडक होतं. तिथे ओलं फडकं बास. टेप नसेल तर फोन चालतो, त्यासाठी अडून बसू नका.

टेप हनुवटीच्या उंचीवर ठेवा. खाली स्टुलावर ठेवली की गिटार शब्द गिळते. या जुन्या टेपमध्ये आवाजाची पातळी आपोआप वरखाली होते. तुम्ही गप्प बसलात की यंत्र कान टवकारतं आणि पंखा, शेजारचा कुकर, सगळं वर येतं. जोरात वाजवलंत की तेच दाबलं जातं. म्हणून बटण दाबल्यावर घसा खाकरत बसायचं नाही, लगेच सुरू व्हायचं. माइक टेप फिरवणाऱ्या मोटारीच्या शेजारीच असतो, त्यामुळे घरघर येणारच. डार्नियलचा ‘ऑल हेल वेस्ट टेक्सस’ हा २००२चा अल्बम पॅनासॉनिकच्या आरएक्स-एफटी५००वर केलेला आहे आणि त्यात ती घरघर गाण्यांच्या खालून सतत वाहते. हेडफोन लावून ऐका. दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यानंतर ती नसली तर चुकल्यासारखं होईल.

दुसरी गोष्ट, गाणं झालं त्याच दिवशी रेकॉर्ड करा. तो तसंच करायचा. मी सकाळी आठला हँडओव्हर देतो, नऊला घरी. औषध कंपन्यांचे एमआर देतात त्या राइटिंग पॅडच्या एका पानावर गाणं मावलं पाहिजे, आणि झोपायच्या आधी टेपवर गेलं पाहिजे. झोपून उठल्यावर तेच शब्द शहाणे वाटायला लागतात, मग मी ते सुधारतो, म्हणजे बिघडवतो.

आता लिहायचं काय? त्या अल्बमच्या वेष्टनावरच हिशेब दिलाय: चौदा गाणी, सात माणसं, दोन घरं, एक मोटारसायकल आणि किशोरवयीन मुलांसाठीचं एक कुलूपबंद उपचारकेंद्र. मला तर हे वाचूनच सुटल्यासारखं झालं. ‘प्रेम’, ‘एकटेपण’ असले विषय घ्यायचेच नाहीत, यादी करायची. माझी यादी अशी: चार माणसं, आयसीयूबाहेरचा एक बाक, एक बंद पडलेली एम-एटी गाडी. त्यातून हे आलं:

डबा ठेवला मांडीवर,
नजर लावली दारावर,
मेथी सुकली पोळीवर,
आत नळीने दूध.

चाल आजीच्या जात्यावरच्या ओवीची. तीन चरण जी, सी, डी या कॉर्ड्सवर घ्यायचे आणि तोकडा चौथा पुन्हा जीवर सोडून द्यायचा. उरलेल्या जागेत नुसती गिटार वाजू द्या. ओवीत अक्षरं कमी-जास्त चालतात, त्यामुळे बोलल्यासारखं गाता येतं. गळा गोड नसलेल्यांची ही मोठीच सोय. डार्नियलचाही नाकात आणि टोकदार आहे.

खऱ्या पेशंटचं नाव, गाव आणि आजार, तिन्ही बदला. एकच बदललंत तर मिरजेत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. आणि स्वतःच्या घरातलं सगळ्यात दुखरं गाणं आधी लिहायला जाऊ नका. डार्नियलचे सावत्र वडील हात उगारणारे होते. त्यांच्यावरचा ‘द सनसेट ट्री’ २००५ साली आला, ते वारल्यानंतर. तोवर चौदा वर्षं तो मुख्यतः कल्पनेतली माणसं गात होता. हात बसायला तेवढा वेळ लागत असावा.

पुस्तकाचं थोडं वेगळं आहे. २००८ साली त्याला ब्लॅक सबाथ या रॉक बँडच्या एका अल्बमवर छोटं पुस्तक लिहायचं होतं, तर समीक्षा बाजूला ठेवून त्याने मनोरुग्णालयात ठेवलेल्या एका पोराची डायरी लिहिली. पहिली कादंबरी, ‘वुल्फ इन व्हाइट व्हॅन’, २०१४ची. पहिल्या कॅसेटनंतर २३ वर्षांनी. ती अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या पहिल्या यादीत होती. मी यातून एवढंच उचललं: माणूस गाण्यात संपत नसेल तर त्याला वहीत घ्या. बाकावर डबा घेऊन बसलेला माणूस माझ्या तिसऱ्या गाण्यातही संपेना, म्हणून वही उघडली. वहीत यमक लागत नाही हे कळायला मला दोन महिने लागले. पहिली तीस पानं वाचताना अजून पाय ताल धरतो.

पैशांचं विचाराल तर नोकरी सोडू नका. डार्नियल छोट्या कॅसेटवाल्यांकडून अकरा वर्षं गाणी काढत होता, मग २००२ला फोरएडीसारखं मोठं रेकॉर्ड लेबल आलं. माझी गेल्या वर्षीची कमाई ६४० रुपये. तारांचा खर्च त्याहून जास्त.

गिटारचा ब्रिज उखडला तेव्हा मी सतारमेकर गल्लीत गेलो. कारागीर तंबोऱ्याचा भोपळा घासत होते. भोपळा नाही, तरफेच्या तारा नाहीत, असं पुटपुटत त्यांनी ब्रिज चिकटवून दिला, दोन दिवस तार चढवू नको म्हणाले. मी कौतुकाने फोनवर डब्याचं गाणं ऐकवलं. त्यांनी मान तिरकी करून शेवटपर्यंत ऐकलं.

“गाणं बरं आहे,” म्हणाले, “मोटारीला तेल घाल.”